बेळगावची हवा मोजायची कशी आणि तिचं गणित घरी बसून मांडायचं कसं

दोन वर्षांमागे डिसेंबरात मी अनगोळच्या घराच्या गच्चीवर पहिला सेन्सर लावला आणि चारच दिवसात मला वाटलं आपण काहीतरी मोठा शोध लावला. रोज सकाळी सहाला पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा, आकडा ताडकन वर जायचा आणि पावणेसातला खाली यायचा. मी तेव्हा इन्व्हर्जन, बाउंड्री लेयर असलं काय काय वाचून ठेवलेलं, त्यामुळे दोघातिघांना फोन करून सांगूनही टाकलं. मग एक दिवस पहाटे उठून वर गेलो तर शेजारच्या काकूंचा न्हाणीचा बंब पेटलेला आणि त्याचा धूर सरळ माझ्या डब्यात. काकू खालून विचारतात, "काय मोजूलालास रे एवढ्या थंडीत?"

डबा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेला, विषय संपला असं वाटलं. पण गंमत अशी की मे महिन्यात हौसेने तोच डबा परत जुन्या जागी ठेवून बघितला, तोच बंब, तीच लाकडं, आणि आकडा डिसेंबरएवढा चढेना. तिथून माझं डोकं फिरलं. धूर किती निघतो हा अर्धाच प्रश्न आहे, तो धूर पसरायला वर जागा किती आहे हा दुसरा अर्धा, आणि आपण सगळे पहिल्याच अर्ध्यावर भांडत बसतो. म्हणून खाली जे लिहितोय त्यात सेन्सर जेवढा आहे तेवढाच वारा आणि झाकण पण आहे.

झाकण म्हणजे काय ते बघायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवायच्या आत येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा. शहराच्या बाजूला बघितलं की धूर थोडा वर येतो आणि मग पापड लाटल्यासारखा आडवा पसरतो, त्याच्या वर आकाश एकदम स्वच्छ. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, थंडीत आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे रात्री जमीन पटापट थंड होते आणि तिला चिकटलेली हवाही. गार हवा जड, ती खाली बसते, वर ऊबदार हवा, मग खालचा धूर वर जाणार कुठून. सकाळी नऊ-दहाला ऊन तापलं की हे झाकण फुटतं आणि दुपारपर्यंत हवा हजार-दीड हजार मीटरपर्यंत घुसळली जाते, उन्हाळ्यात त्याच्याही वर. ह्या उंचीला मिक्सिंग हाइट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता डबा बनवायचा. प्लॅनटॉवर किंवा नोव्हाचा एसडीएस०११ असे लेझरवाले सेन्सर ऑनलाइन काही हजारात मिळतात, त्याला एक ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला छोटा कंप्युटरच) आणि तापमान-आर्द्रता-दाबासाठी बीएमई२८०, एवढं पुरतं. आत एक छोटा पंखा हवा ओढतो, लेझरचा उजेड कणावर पडून विखुरतो, तो मोजून चिप अंदाज बांधते की वजन किती असेल. लक्षात घ्या, हा वजनाचा अंदाज आहे, खरं वजन कोणी केलेलं नाही. कण काजळीचा, मिठाचा की मातीचा हे त्याला कळत नाही. आणि जाड धूळ त्याला नीट दिसतच नाही, त्यामुळे हे सेन्सर पीएम १० म्हणून (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) जो आकडा दाखवतात त्याच्यावर फार विसंबू नका. आपल्याकडे गल्लोगल्ली रस्ते उकरून ठेवलेले असतात, डोळ्यात धूळ जाते तरी डबा म्हणतो सगळं ठीक, कारण ती धूळ त्याच्या पट्ट्यातच बसत नाही.

एसडीएस०११ च्या लेझरचं आयुष्य ८००० तास सांगतात. सलग चालवला तर वर्षही भरत नाही, ३३३ दिवस. म्हणून प्रोग्राममध्ये त्याला झोपवायचं, दर पाच मिनिटाला उठवायचं, पहिला अर्धा मिनिट वॉर्मअप म्हणून सोडून द्यायचा आणि नंतरच्या अर्ध्या मिनिटाची सरासरी घ्यायची. एसडी कार्ड आणि घड्याळाची चिप लावाच, कारण लाईट जाते, वायफाय जातो, आणि डेटा नेमका हवा त्या रात्रीचा गायब होतो.

बीएमई२८० पहिल्यांदा चालू केल्यावर बरेच जण घाबरतात. दाब ९२५ हेक्टोपास्कलच्या आसपास दाखवतो, आणि पुस्तकात तर १०१३ लिहिलेलं. सेन्सर बिघडलेला नाही, आपण उंचावर आहोत म्हणून दाब कमी. ह्यातून एक बारीक गोष्ट कळते, हवामानाच्या वेबसाइटवर ९२५ हेक्टोपास्कलचा वारा म्हणून जो दाखवतात तो मुंबईला साधारण सात-आठशे मीटर उंचीवरचा वारा, आणि आपल्याला मात्र जवळपास जमिनीवरचाच. वरचा वारा बघायचा असेल तर आपण ८५० ची पातळी बघायची. मी पहिला हिवाळाभर चुकीचा नकाशा बघत होतो.

डबा कुठे लावायचा ह्यावर वेळ घालवा. जमिनीपासून तीन मीटरच्या वर, दहाच्या आत. भिंतीला चिकटवू नका, तीन बाजूंनी तरी वारा मोकळा पाहिजे, झाडाखाली नको, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टजवळ नको, आणि बंबाचं तर सांगितलंच. ऊन थेट नको, पाण्याच्या टाकीची सावली चालते. तोंड खाली, वर पावसाला टोपी. आतल्या पंख्यावर कोळी जाळं विणतो म्हणून बारीक जाळी लावा, पण एवढी बारीक नको की हवाच अडेल.

एक सेन्सर घेऊ नका, तीन घ्या. आणि तिन्ही पहिले पंधरा दिवस एकाच गच्चीवर शेजारी-शेजारी ठेवा. हे करायला फार कंटाळा येतो पण ह्याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट. एकाच हवेत तीन आकडे वेगवेगळे येतात, एक नेहमी थोडा चढा, एक थोडा उतरा, तो फरक लिहून ठेवायचा आणि नंतर वजा करायचा. नाहीतर उद्या एक निपाणीला आणि एक खानापूरला लावलात आणि म्हणालात निपाणीची हवा वाईट, तर ती निपाणी वाईट की तुमचा सेन्सर, कोण सांगणार?

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे खऱ्या वजनाशी ताडून बघणं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिव्हिल किंवा एन्व्हायर्न्मेंट विभागाकडे फिल्टर पेपरवाला सॅम्पलर असला तर विनंती करा. त्याचं गणित सरळ आहे. कोरा पेपर ठरावीक आर्द्रतेत एक दिवस ठेवून वजन करायचं, मग मिनिटाला १६.७ लिटर हवा चोवीस तास ओढायची, म्हणजे २४ घनमीटर हवा झाली, परत तसाच ठेवून वजन करायचं. समजा वजन १.२ मिलिग्रॅमनी वाढलं, म्हणजे १२०० मायक्रोग्रॅम, भागिले २४, झाले ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. त्याच दिवशी शेजारी तुमचा डबा ७० दाखवत असेल तर तो चढा मोजतोय. असे वेगवेगळ्या ऋतूतले वीस-तीस दिवस मिळाले की एक रेषा बसवता येते. परदेशात कोणीतरी काढलेलं करेक्शनचं सूत्र आयतं उचलू नका, तिकडचा धूर वेगळा, आपल्याकडचा पाचटाचा आणि चिपाडाचा वेगळा.

पावसाळ्याबद्दल दोन ओळी. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सरला ते मोठे दिसतात, धुक्याचे थेंब पण तो धूर म्हणून मोजतो. खानापूर, जांबोटी, चोर्ल्याकडे जून ते सप्टेंबर हेच चालतं. मी तो डेटा साठवतो पण वापरत नाही, आणि थंडीतल्या पहाटेच्या धुक्यालाही हाच नियम.

आता आकडे वाचायचे कसे. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकाप्रमाणे पीएम २.५ ची मर्यादा चोवीस तासाच्या सरासरीला ६० आणि वर्षाच्या सरासरीला ४०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच १५ आणि ५ वर आणलं. दोन्ही सरासरीचे आकडे आहेत, त्यामुळे रात्री आठला कोणीतरी कचरा पेटवला आणि डब्यात दोनशे आला म्हणून स्क्रीनशॉट टाकून बोंब मारायची नाही. एक्यूआयचं, म्हणजे हवेच्या सरकारी निर्देशांकाचं, पण तसंच, त्याला कमीत कमी तीन प्रदूषक लागतात, त्यात एक तरी पीएम, आणि दिवसातले किमान १६ तासांचे आकडे. आपल्या डब्यातून एक्यूआय निघत नाही, पीएम २.५ निघतो, तेवढंच म्हणायचं.

पहिलं काम, महिनाभराचे आकडे तासाप्रमाणे लावा, सगळे सकाळी सातचे एकत्र, सगळे आठचे एकत्र, असं. थंडीत उंटाच्या पाठीसारखी दोन उंचवट्याची रेघ येते, एक सकाळी, एक संध्याकाळी सातनंतर, मध्ये दुपारी खड्डा. नवशिके म्हणतात दुपारी गाड्या कमी म्हणून हवा चांगली. अहो, दुपारी उद्यमबागेतल्या फौंड्र्या बंद असतात काय? माझं स्वतःचं वर्कशॉप तिथंच आहे, दुपारी तर सगळ्यात जास्त आवाज. खड्डा पडतो तो झाकण उघडल्यामुळे.

हे आकड्यात बघायचं असेल तर वहीवर बॉक्स मॉडेल मांडा, दहा मिनिटाचं काम. शहर म्हणजे एक खोका समजा. लांबी १० किलोमीटर, वर झाकण मिक्सिंग हाइटला, एका बाजूने वारा आत, दुसरीकडून बाहेर. आतली वाढ म्हणजे दर चौरस मीटरमागे दर सेकंदाला निघणारा धूर गुणिले लांबी, भागिले वाऱ्याचा वेग गुणिले झाकणाची उंची. समजा धूर १ मायक्रोग्रॅम. हिवाळ्याच्या सकाळी वारा सेकंदाला १ मीटर, झाकण २०० मीटर, तर १०००० भागिले २००, म्हणजे ५०. त्याच दिवशी दुपारी वारा ३, झाकण १५००, तर १०००० भागिले ४५००, जेमतेम सव्वादोन. धूर तोच ठेवलाय हां, एक कणही कमी केला नाही, आणि आकडा वीसपटीपेक्षा जास्त फरकाने खाली. ह्यात बाहेरून आलेली हवा जितकी घाण असेल तेवढी वर मिळवायची. हे मॉडेल ओबडधोबड आहे, वारा पडला की भागाकार आभाळाला भिडतो, पण मला ह्याने जेवढं शिकवलं तेवढं नंतरच्या मोठ्या सॉफ्टवेअरने शिकवलं नाही. उलटंही करता येतं, आकडा, वारा आणि झाकण माहीत असेल तर धूर किती निघत असावा हे काढता येतं, आणि रविवारचा धूर बुधवारच्या धुराशी लावून बघता येतो.

झाकणाची उंची आणायची कुठून? युरोपच्या इसीएमडब्ल्यूएफ संस्थेचा इआरए५ नावाचा डेटा फुकट आहे, १९४० पासूनचा, तासातासाचा, त्यात बाउंड्री लेयर हाइट असते, म्हणजे आपलं झाकणच. त्याचा एक चौकोन साधारण ३० किलोमीटरचा, त्यामुळे बेळगावचा माळ आणि घाटाचा कडा त्याच्यात एकत्र मिसळतात आणि रात्रीची उंची तर अंदाजपंचेच धरायची. दुपारची बरी असते. आणि कृपा करून वेळ बघा, हा डेटा युटीसीमध्ये असतो, आपल्या वेळेत साडेपाच तास मिळवायचे. मी एकदा विसरलो आणि माझ्या ग्राफमध्ये झाकण दुपार सोडून सकाळी नऊला सगळ्यात उंच, दोन दिवस मी ह्याच्यावर सिद्धांत रचत बसलो होतो.

वाऱ्यासाठी गच्चीवर छोटा वारामापक लावला तर उत्तम, नाहीतर सांबरा विमानतळाची निरीक्षणं मिळतात. मग आर ह्या प्रोग्रामिंग भाषेतलं ओपनएअर नावाचं पॅकेज घ्या, फुकट आहे, ते दिशेप्रमाणे आणि वेगाप्रमाणे रंगीत गोल काढून देतं. वारा मंद असताना सगळीकडून लाल म्हणजे धूर आपल्याच गल्लीतला. वारा जोरात असताना एका बाजूला लाल म्हणजे लांबून येतोय.

आता शहराचं सोडून पूर्ण भागाचं. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा बहुतेक पूर्व-ईशान्येचा, मार्चपासून संध्याकाळी कोकणाकडून समुद्राचा वारा घाट चढून येतो, आणि जूननंतर नैऋत्येचा. म्हणून तीन डबे एका ओळीत लावा, एक ईशान्येला गोकाक बाजूला, एक शहरात, एक नैऋत्येला जांबोटीच्या जंगलाकडे. थंडीत गोकाककडचा डबा सांगतो बाहेरून काय आलं, शहराच्या डब्यातून तो वजा केला की आपलं काय ते उरतं. अजून एक सोपी युक्ती, त्याच तासाला सगळ्या डब्यातला सगळ्यात कमी आकडा घ्या, तो साधारण पूर्ण भागाचा पाया, त्याच्यावरचं जे काही ते जवळचं. थंडीच्या शांत रात्री हा पायाच हळूहळू दिवसागणिक चढत जातो, आणि तेव्हा फक्त गल्लीतला कचरा बंद करून भागत नाही.

त्या पायात असतं काय? ऊस. चिकोडी, अथणी, रायबाग, निपाणी, पलीकडे कागल-शिरोळ, गाळप सुरू झालं की तोडणीनंतर फडातलं पाचट पेटतं, कुठे कुठे जळीत ऊसच तोडतात, गुऱ्हाळं चिपाडावर चालतात, वीटभट्ट्याही त्याच महिन्यात. नासाच्या फर्म्स साइटवर आगीचे ठिपके दिसतात, उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस सेन्सरचा ठिपका ३७५ मीटरचा, पण ह्या उपग्रहांच्या मुख्य फेऱ्या दुपारी आणि मध्यरात्री दीडच्या सुमाराला. फड पेटतो संध्याकाळी, वीस मिनिटात खाक. उपग्रह येईपर्यंत राख गार. तेव्हा ठिपका नाही म्हणजे आग नाही असं धरू नका, अथणीकडच्या एखाद्या पाहुण्याला रोज रात्री व्हॉट्सॅपवर "आज जाळलं की नाही" एवढं विचारा, तो डेटा उपग्रहापेक्षा बरा असतो.

हवा कुठून आली ते बघायला अमेरिकेच्या नोआचं हायस्प्लिट आहे, वेबवरच चालतं. अक्षांश १५.८५, रेखांश ७४.५० टाका, मागे ४८ तास, उंची १००, ५०० आणि १००० मीटर अशा तीन, पोचायची वेळ दुपारची ठेवा कारण तेव्हा हवा घुसळलेली असते. तिन्ही रेघा एकाच दिशेने आल्या तर विश्वास ठेवा, तीन दिशांना फाकल्या तर त्या दिवसाचं सोडून द्या. रेघ जितकी लांब तितकी चूक मोठी, प्रवासाच्या अंतराच्या १५ ते ३० टक्के चूक धरूनच चालायचं. म्हणजे ३०० किलोमीटर मागे रेघ विजापुराच्या पलीकडे दिसली तर तिच्या आजूबाजूला नव्वद किलोमीटरपर्यंत कुठेही. अमक्या साखर कारखान्याचा धूर आला असं ह्यावरून म्हणता येत नाही.

एका चिमणीचा हिशोब करायचा असेल तर ते वेगळं शास्त्र, गॉशियन प्लूम, त्यासाठी अमेरिकेच्या इपीएचं एअरमॉड फुकट आहे, पण चिमणीची उंची, धुराचं तापमान, वेग हे सगळं कारखान्याने दिलं तरच. मी त्यात पडलो नाही. मोठी मॉडेलं म्हणजे डब्ल्यूआरएफ-केम वगैरे, घाट दिसायचा असेल तर तीन किलोमीटरचा चौकोन तरी लागतो, लॅपटॉपचं काम नाही, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संस्थेसारख्या ठिकाणी महासंगणकावर करतात. घरी बसल्या युरोपच्या कोपर्निकसचा कॅम्स अंदाज बघा, पाच दिवस पुढचा, फुकट, पण त्याचा चौकोन चाळीसेक किलोमीटरचा, त्यात बेळगावचा बाजार आणि खानापूरचं अर्धं जंगल एकाच सरासरीत. चढतंय की उतरतंय एवढंच त्यातून घ्या.

कुठलंही मॉडेल घेतलं तरी एक परीक्षा घ्या. उद्याचा आकडा काय, तर आजचाच, असं आंधळेपणाने महिनाभर लिहा आणि चूक मोजा. मग मॉडेलची चूक मोजा. मॉडेल ह्या आंधळ्या अंदाजाला हरवत नसेल तर त्याचे रंगीत नकाशे कितीही देखणे असोत, काही कामाचे नाहीत. माझं पहिलं मॉडेल हरलं होतं, आणि चांगलं हरलं होतं.

सरकारी आकडे पण जोडून घ्या. २०१९ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपल्या उत्तरेचे कोल्हापूर आणि सांगली आहेत, दक्षिणेकडचं हुबळी-धारवाड आहे, मधल्या आपल्या गावाचं नाव नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्हीकडचे प्रदूषण नियंत्रण बोर्ड वेगळे, पण केंद्रीय बोर्डाच्या पोर्टलवर दोन्ही राज्यांचे सलग मोजणारे स्टेशन एकत्र दिसतात. पूर्वेचा वारा असताना पाया चढला आणि सांगलीतही त्याच दिवशी चढला, हुबळीतही चढला, तर मामला कृष्णेपासून मलप्रभेपर्यंतचा आहे. फक्त आपल्याकडे चढला तर आपलंच काहीतरी. राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर धुराची गाडी कोणी अडवत नाही, त्यामुळे कोल्हापूरचे आकडे न बघता निपाणीबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

सुरुवात करायची तर दसऱ्याच्या आधी करा, गाळप पेटायच्या आत. तिन्ही डबे खाली काढून पंखे ब्रशने साफ करायचे, पंधरा दिवस परत एका गच्चीवर ठेवायचे, फरक परत लिहायचा, मग गावोगाव न्यायचे. ह्या खेपेला काकूंनीच त्यांच्या गच्चीचा कोपरा देऊ केलाय, बंबाच्या उलट बाजूचा.